डेकवरची थंडी खालून येते

अलास्काहून आल्यापासून तलावपाळीवर सकाळी फिरताना ओळखीचं कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "स्वेटर किती नेले होते?" हिमनदी कशी दिसते, देवमासे दिसले का, हे सगळं नंतर. आपण पडलो ठाणेकर. जानेवारीत पहाटे पारा पंधरा-सोळावर आला की आपल्या कानटोप्या बाहेर निघतात, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण स्वेटर लागतो चालणाऱ्या माणसाला. थंड मुलखातल्या बोटीवर माणूस चालतो कमी आणि बसतो जास्त. बसलेल्याला ऊब द्यायची तर अंथरूण-पांघरुणाचा विचार करावा लागतो, आणि तो कोणी करत नाही.

मी चरईत शिवणाचे क्लास घेते, त्यामुळे कुठेही गेले तरी माझे डोळे आधी कापडावर जातात. लेक व्हँकुव्हरला असते. तिनेच मे महिन्याची बोट बुक केली: मी, हे, आमच्या वन्सं आणि ती स्वतः. मे का, तर तिकडे त्यातल्या त्यात कमी पाऊस आणि जुलै-ऑगस्टपेक्षा स्वस्त तिकीट. थंडी जरा जास्त. फोनवर तिचं एकच पालुपद होतं, "आई, बोटीवर सगळं मिळतं गं. गाद्या-गिरद्या बांधून आणू नकोस."

वन्संनी तरी लग्नातली कापसाची दुलई काढलीच. उन्हात घातली, झटकली, दोरीने आवळली. विमानात माणशी तेवीस किलोची एक बॅग, आणि त्यातली अर्धी जागा ती दुलई खाणार. मी म्हटलं, "वन्सं, ही केबिनमध्ये लागणार नाही आणि डेकवर कामाची नाही." त्यांना ते पटलं नाही. शेवटी वजनकाट्याने निकाल लावला.

केबिनचं आधी उरकते, कारण तिथे सांगण्यासारखं फार नाही. केबिनमध्ये थंडी नसतेच. भिंतीवरच्या बटणाने तापमान वाढवता येतं, पलंगावर जाड रजई असते, आणि जास्तीचं ब्लँकेट मागितलं की केबिन सांभाळणारा मुलगा हसत आणून देतो, त्याचे पैसे पडत नाहीत. विजेवर तापणारं काही मात्र नेऊ नका. इस्त्री, किटली, इलेक्ट्रिक ब्लँकेट, सगळं बंदरावरच काढून ठेवायला लावतात. समुद्रात आगीला सगळ्यांत जास्त भितात, आणि ते बरोबरच आहे. आपली रबराची गरम पाण्याची पिशवी चालते. फक्त तिचं तोंड चहाच्या नळाला लावू नका. कपात पाणी घ्या आणि कपातून पिशवीत ओता. आमच्यासमोर एका आजोबांनी थेट नळाखाली पिशवी धरली आणि चांगलं ऐकून घेतलं.

आता डेक. खरी गंमत तिथे, आणि कुडकुडणंही तिथेच.

मे महिन्यात त्या किनाऱ्यावर दिवसा साधारण पाच ते बारा-तेरा अंश असतं. आकडा ऐकून वाटतं, महाबळेश्वर. पण बोट वीस नॉटने, म्हणजे ताशी सदतीस किलोमीटरने चाललेली असते. बाहेर झुळूकही नसली तरी तेवढा वारा बोट स्वतःच अंगावर घेते. पाच अंशात असा वारा लागला की अंगाला शून्याच्या खालची थंडी वाजते. म्हणून सगळ्यांत वरचा थर वारा अडवणारा पाहिजे, मग तो आपला पावसाळी विंडचीटर का असेना. लोकर कितीही भारी घ्या, वारा तिच्या विणीतून आरपार जातो. ऊब लोकरीत नसते, लोकरीने धरून ठेवलेल्या हवेत असते, आणि ती हवाच वाऱ्याने उडाली तर राहिलं काय!

हे झालं वरच्या बाजूचं. ते लोकांना कळतं. डेकवर टोपल्यांतून चौकड्यांची लोकरी ब्लँकेटं ठेवलेली असतात. जो तो एक उचलतो, गळ्यापर्यंत ओढतो आणि आरामखुर्चीवर आडवा होतो. पंधरा मिनिटांनी बघावं तर चुळबुळ सुरू. छाती गरम, गुडघे गरम, पण पाठ आणि बैठक गार पडलेली. कारण खुर्ची पट्ट्यांची. खालून वारा खेळतो, आणि जिथे पट्टी अंगाला टेकते तिथून ऊब निघून जाते. मग माणसं दुसरं ब्लँकेट आणून पहिल्यावरच टाकतात! मला राहवेना. शेजारच्या बाईंना खुणेनेच सांगितलं, ते खाली घाला. त्यांनी घातलं, आणि नंतर जेवणाच्या हॉलमध्ये भेटल्या की माझ्याकडे बघून अंगठा वर करायच्या.

अंगाखाली काय घालायचं, हा माझ्या धंद्यातला प्रश्न. कापसाची दुलई अंगावर उत्तम, कारण फुललेल्या कापसात हवा असते. तीच अंगाखाली घेतली की आपल्या वजनाने कापूस दबतो, हवा निघून जाते आणि उरते नुसती पाटी. पिसांच्या रजईचंही तेच. गोधडीचं तसं होत नाही. तिचे थर आधीच दाबून शिवलेले असतात, त्यामुळे वर बसलं तरी तिची जाडी फारशी कमी होत नाही. मी मुद्दाम बोटीसाठी एक शिवली होती: तीन फूट बाय पाच फूट, जुन्या सुती साड्यांचे सहा पदर, किलोभराच्या आत. काठाकडून सुरुवात करून आत आत वळत जाणारा धावदोरा, दोन ओळींमध्ये बोटभरही अंतर नाही. अंगावर घ्यायच्या गोधडीला मी इतकी दाट शिवण घालत नाही, ती थोडी सैल बरी. खाली घालायची मात्र अशीच घट्ट हवी, म्हणजे कूस बदलली तरी आतले पदर गोळा होत नाहीत.

एक पथ्य. गोधडी सुती, आणि सुताला पाण्याचं वावडं. एकदा भिजली की जड होते, वाळता वाळत नाही आणि उलट अंगातली ऊब ओढते. अलास्काच्या या पट्ट्यात पाऊस केव्हाही भुरभुरतो. केचिकन नावाचं बंदर लागतं, ते तर पावसासाठीच प्रसिद्ध. लोकर तशी नाही, स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा ओलावा पोटात घेऊनही ती ओली लागत नाही. म्हणून खाली गोधडी, तिच्याखाली प्लॅस्टिकचा पातळ कागद, वर बोटीचं लोकरी ब्लँकेट, आणि ब्लँकेटची खालची कड पावलांखाली दुमडून. ही कड दुमडली नाही तर बाकीच्याला अर्थ नाही. सगळा वारा तिथूनच शिरतो. (जुन्या काळी अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींवर डेकवरची खुर्ची आणि लोकरी रग वेगळे पैसे भरून भाड्याने घ्यावे लागत. आता फुकट आहेत तर दोन घ्या, लाजू नका.)

ग्लेशियर बे ही राष्ट्रीय उद्यानातली खाडी, तिथला दिवस सगळ्यांत थंड. तिथे दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी बोटी सोडतात. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन आमच्या बोटीवर चढले आणि दिवसभर माइकवरून माहिती देत राहिले. 1794 साली कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतले खलाशी इथे आले तेव्हा खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. 1879 मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर आला तोवर बर्फ कितीतरी मागे गेला होता, आणि आज खाडी शंभर किलोमीटरहून लांब आहे. तिच्या टोकाला मार्जरी हिमनदी. बोट तिच्यासमोर थांबते आणि हळूहळू गोल फिरते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं. बोट थांबली तरी वारा थांबत नाही. बर्फावरची गार हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि थेट तोंडावर आदळते. हे फोटो काढायला हातमोजे काढत आणि दर वेळी "अरे बापरे" म्हणत. वन्सं कठड्याशी न जाता खुर्चीतच बसून राहिल्या, गोधडीवर, नाकापर्यंत ब्लँकेट ओढून. बर्फाचा कडा सुटून पाण्यात पडला तेव्हा आधी पडताना दिसला आणि धडामधूम मागाहून ऐकू आलं. त्यांनी पांघरुणातूनच हात जोडले.

काही बोटींवर त्या दिवशी डेकवर वाटाण्याचं गरम डच सूप वाटतात. शाकाहारी असाल तर आधी विचारा, त्यात डुकराचं मांस घालायची पद्धत आहे. आम्ही आलं घातलेला चहा थर्मासमधून नेला होता.

अलास्काच्या राजधानीत, जूनोला उतरल्यावर बाकीचे हिमनदी बघायला बसने गेले, मी लेकीला घेऊन अलास्का स्टेट म्युझियममध्ये. तिथे चिल्कॅट पांघरुणं आहेत, तिथल्या मूळच्या त्लिंगित लोकांची. पहाडी बकऱ्याची लोकर आणि तिच्या पिळात सीडर नावाच्या झाडाच्या आतल्या सालीचे तंतू. माग नाही, धोटा नाही. वरच्या दांडीला उभे धागे लोंबते सोडायचे आणि बोटांनी वरून खाली विणत यायचं. काळा, पिवळा, निळसर हिरवा, आणि त्यात मोठाले डोळे. पुरुष फळीवर नक्षी रंगवत आणि बायका ती बघून विणत. एक पांघरूण पुरं व्हायला वर्ष वर्ष लागे. हे थंडीसाठी नव्हेच. समारंभात पांघरून नाचायचं, आणि खालच्या लांब झालरी त्या नाचात उडल्या पाहिजेत. मी काचेला नाक लावून गोलाई कशी विणली आहे ते शोधत होते. ताण्या-बाण्याच्या विणकामात गोल काढणं किती अवघड, हे विणणाऱ्याला विचारा. इथे डोळ्याचं बुबुळ चक्क वाटोळं. लेक म्हणाली, "आई, चल, बोट सुटेल." आमच्याकडे धनगर घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, त्याने पाणी लवकर आत शिरत नाही, हे मी तिथल्या मावशींना सांगितलं. लेकीने भाषांतर करताना चिंचोक्यापाशी हात टेकले, मग फोनवर चिंचेचा फोटो दाखवला. त्या बाईंनी वहीत लिहून घेतलं.

घोंगडी नेली असती तर, असं हे मला परतीच्या विमानात म्हणाले. विचार मीही केला होता. डेकवर तिच्यासारखं काही नाही, पण ती टोचते, बॅगेत जागा खाते, आणि बोटीवर लोकर फुकट मिळते. मिळत नाही ते अंगाखाली घालायचं.

तर ज्या मैत्रिणी पुढच्या मे महिन्यासाठी विचारताहेत त्यांनी आपापल्या साड्या आणून द्याव्यात. सुतीच, धुऊन मऊ झालेल्या. नायलॉन आणि जरीचे काठ नकोत. माझ्या हातात आत्ता वन्संची आहे. त्यांना आता स्वतःची वेगळी पाहिजे, आणि तीही सहा फुटी.