तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या एमटीबीचा चिमटा बदलायचा का?

‘घरात जुनी २६ इंची एमटीबी पडून आहे. आता राजेंद्रनगरहून विजयनगरला रोज ऑफिसला तिच्यावरच जायचं ठरवलंय. पुढचं सस्पेन्शन दगडासारखं झालंय, नवा फोर्क टाकू का?’ इंदुरात हा प्रश्न इतक्या जणांकडून येतो की एकदा नीट लिहूनच टाकतो. एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, आणि फोर्क म्हणजे पुढचं चाक दोन पायांत धरणारा भाग, आपले मिस्त्री ज्याला चिमटा म्हणतात तो.

पैसे काढण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते बघा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल मागेपुढे हलवा. एक बोट हेडसेटच्या (फ्रेमच्या पुढच्या नळीत फोर्क ज्यावर फिरतो त्या छर्ऱ्यांच्या जोडीच्या) खालच्या कटोरीवर ठेवा, दुसरं फोर्कच्या पायावरच्या रबरी सीलवर. कटोरीपाशी खडखड जाणवली तर हेडसेट ढिला आहे, फोर्कला दोष देऊ नका. सीलपाशी नळी हलत असेल तर आतले बुश, म्हणजे नळी ज्यांत सरकते ती कडी, झिजलेत. काहीच हलत नाही पण फोर्क दबतही नाही, असं असेल तर बहुधा आतलं ग्रीस वाळून त्याची खळ झालेली असते. पायांच्या तळाचे दोन बोल्ट काढून खालचा भाग उतरवायचा, जुनं ग्रीस पुसायचं, सस्पेन्शनचं ग्रीस लावून परत बसवायचं. एवढ्यावर बरेच फोर्क पुन्हा चालू होतात. मात्र चकचकीत नळीवर गंज चढून नखाला खड्डे लागत असतील तर सर्व्हिसिंगवर खर्च करू नका. तो गंज नवं सीलही कापतो.

बदलायचाच ठरला तर आधी मापं घ्या. चुका इथेच होतात, आणि त्या महागात पडतात.

पहिलं माप स्टिअररचं, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर जाणाऱ्या दांड्याचं. कॅलिपरने बाहेरचा व्यास २८.६ मिमी आला तर उत्तम, हे १ १/८ इंची माप. २५.४ आला तर फ्रेम एक इंची आहे. तिच्यासाठी नवा चांगला सस्पेन्शन फोर्क मिळणं जवळजवळ अशक्य, तो नाद सोडा. दांड्यावर आटे असतील तर नव्या बिनआट्याच्या फोर्कबरोबर हेडसेट आणि स्टेमही (हॅंडल धरणारा तुकडा) बदलावा लागेल, तो खर्च आधीच धरा. खाली जाड होत जाणारा टेपर्ड स्टिअरर ३४ मिमीच्या जुन्या नळीत जातच नाही. दुकानदार ‘बसून जाईल’ म्हणाला तरी घेऊ नका.

दुसरं माप लांबीचं: चाकाच्या अॅक्सलच्या मध्यापासून कटोरी टेकते त्या खांद्यापर्यंत. जुना ८० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा) २६ इंची फोर्क साधारण ४५० मिमी भरतो, १०० मिमीवाला ४७०च्या आसपास. दर २० मिमी उंचीमागे फ्रेमच्या पुढच्या नळीचा कोन सुमारे एक अंशाने पडतो. हॅंडल सुस्त होतं, चढावर पुढचं चाक भरकटतं आणि फ्रेमच्या सांध्यावर ताण वाढतो. म्हणून जास्त ट्रॅव्हलचा मोह टाळा. जेवढा होता तेवढाच घ्या.

तिसरं ब्रेकचं. तुमचे व्ही-ब्रेक (रिमला दोन बाजूंनी दाबणारे) असतील आणि नव्या फोर्कला त्यांचे खुंटे नसतील तर डिस्क ब्रेक लावावे लागतात, आणि त्यांना डिस्कचं हब (चाकाचा मधला भाग) लागतं, म्हणजे अख्खं पुढचं चाक बदलावं लागतं. अॅक्सलही ९ मिमी क्विक रिलीजचाच, म्हणजे खटक्याने चाक सुटणारा, बघा.

आमचं प्रामाणिक मत मात्र वेगळं आहे. डांबरी रस्त्यासाठी स्प्रिंगचा स्वस्त फोर्क म्हणजे जवळपास अडीच किलो लोखंड, आणि उभं राहून पॅडल मारलं की निम्मा जोर त्यातच मुरतोय असं वाटतं. त्याऐवजी ४४०–४५० मिमी लांबीचा साधा, बिनसस्पेन्शनचा स्टीलचा फोर्क घाला. सोबत दोन इंची गुळगुळीत टायर, सत्तरेक किलो वजनाला ३५–४० पीएसआय हवा. स्पीडब्रेकर आणि छोटे खड्डे ही हवाच खाते.

बसवताना जुना कोन, म्हणजे फोर्कच्या खांद्यावर घट्ट बसलेली हेडसेटची कडी, ठोकून काढा. नवा बसवायला २८.६ मिमीपेक्षा किंचित मोठ्या भोकाचा पाइप वापरा, म्हणजे तो वाकडा बसत नाही. छर्रे ग्रीसमध्ये बुडवा. सगळे स्पेसर (स्टेमखालच्या कड्या) आणि स्टेम चढवून वरच्या कडेशी खूण करा आणि तिच्या ३ मिमी खाली कापा. ३२ दात्यांचं हॅकसॉ ब्लेड आणि आधाराला जुना स्टेम पुरतो. स्टार नट, म्हणजे वरच्या टोपीचा बोल्ट ज्यात आवळतो तो, दांड्यात १५ मिमी आत ठोका. मग वरच्या टोपीचा बोल्ट फक्त खडखड जाईपर्यंत आवळा आणि त्यानंतरच स्टेमचे बोल्ट, आलटून पालटून, ५–६ न्यूटन मीटर. क्रम उलटा झाला तर हेडसेट ढिला राहतो, छर्रे कटोरीत खड्डे पाडतात आणि महिन्याभरात हॅंडल मधोमध अडकायला लागतं. पहिल्या ५०–१०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा.

सस्पेन्शनच ठेवलंत तर पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीपासून ते जपा. चिखल नळीवर वाळू देऊ नका, घरी आल्यावर फोर्क दाबण्याआधी कोरड्या फडक्याने पुसा. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल नेऊ नका, तो पाणी सीलच्या आत ढकलतो.