पाण्यात काय घालता, असं तुम्ही विचारलंत म्हणून

झिनियाची फुलं घरात आठ दिवस टिकतात म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पाण्यात काय घालता? उत्तर द्यायला लागावं तर माणसं अर्ध्यावरच उठतात आणि घरी जाऊन साखर, तुरटी, सोडा, डोकेदुखीची गोळी, ज्याने जे सुचवलं ते फुलदाणीत टाकतात. तिसऱ्या दिवशी तक्रार येते की फुलांनी माना टाकल्या. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

पाण्यात मी जवळजवळ काहीच घालत नाही. फूल किती दिवस उभं राहणार हे कात्री लावायच्या क्षणी ठरून गेलेलं असतं, आणि बरंचसं त्याच्याही आधी, रोप वीतभर उंचीचं असताना.

फुलाच्या खाली वीतभर अंतरावर दांडा दोन बोटांत धरायचा आणि हलकेच हलवायचा. फुलाखालचा भाग लवलवला, फूल इकडेतिकडे डुललं, तर हात काढून घ्यायचा. ते फूल कितीही सुंदर दिसत असो, अजून दोन-तीन दिवस झाडावरच राहू द्यायचं. दांडा काठीसारखा ताठ राहिला आणि फुलासकट एकसंध हलला, तरच कापायचा. एवढीच परीक्षा आहे. ती सांगितली की समोरचा मान डोलावतो आणि विचारतो, "बरं, पण पाण्यात काय?"

झिनियाचा दांडा आतून पोकळ असतो. फूल नुकतंच उमलत असताना त्याच्या लगतचे तीन-चार इंच कोवळे असतात, तिथले धागे अजून कठीण झालेले नसतात. झाडावर मुळांकडून पाण्याचा दाब येत असतो, म्हणून तो भाग ताठ दिसतो. कापल्यावर तो दाब जातो, वरचं फूल जड असतं, आणि दांडा नेमका तिथेच मोडल्यासारखा वाकतो. एकदा वाकला की पाण्याची वाटच चिमटली जाते. मग पाण्यात अमृत घातलं तरी ते वर चढत नाही.

हे मला आधीपासून कळत होतं असं नाही. उलट मी वाद घालत असे. गुलाब कळीत विकत घेतो, निशिगंधाची छडी खालून वर उमलत जाते, ग्लॅडिओलसचं तर एकच फूल रंगावर आलं की छडी कापतात, मग झिनियानंच काय घोडं मारलंय? अर्धवट उमललेलं घेतलं तर उलट जास्त दिवस पुरेल, असा माझा हिशेब. तो एका गौरीत साफ चुकला.

जूनच्या मध्याला, पहिल्या पावसावर टाकलेलं बी ऑगस्टअखेर फुलावर येतं, आणि भाद्रपदातल्या गौरींना ते बरोबर सापडतं. फुलं तीन दिवस पुरायला हवीत: आवाहन, पूजन, विसर्जन. आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी चाळीसेक दांडे कापले. पूर्ण उमललेली फुलं दहा-बाराच होती, बाकी सगळी अर्धी उघडलेली, घट्ट पाकळ्यांची, मुद्दाम निवडून घेतलेली. खालची पानं घाईत तशीच राहिली. स्टीलच्या घागरीत पाणी, त्यात दोन चमचे साखर आणि एक गोळी कुटून. घागर रात्रभर स्वयंपाकघरात, गॅसपासून चार हातांवर.

आवाहनाच्या दिवशी सगळं ठीक दिसलं. पूजनाच्या सकाळी घागरीकडे बघवेना. अर्ध्याहून जास्त फुलं फुलाखाली दोन इंचांवर वाकून जमिनीकडे तोंड करून होती. पाणी ढगाळलेलं, आंबूस वासाचं, दांड्यांची टोकं बोटांना बुळबुळीत लागणारी. घरात माणसं, पुरणपोळीची घाई, आणि आरास करणाऱ्या जावेला काय सांगायचं ते सुचेना. शेवटी बाजारातून शेवंती आणली. झिनिया परसात गेली.

दुपारी ती फेकताना मात्र नीट बघितली, आणि त्या बघण्यातून जे कळलं त्यावर आजवर चालले आहे. वाकलेली जवळपास सगळी अर्धी उमललेली होती. जी दहा-बारा पूर्ण उमललेली म्हणून नाइलाजाने घेतली होती, ज्यांच्या मधल्या गोंड्याभोवती पिवळ्या बारीक चांदण्यांची पहिली ओळ आली होती, ती त्याच घाण पाण्यात ताठ उभी होती. घागर एक, पाणी एक, साखर तीच. फरक फक्त कापताना फूल कुठवर आलं होतं एवढाच. आणि अर्धी फुलं जिथे अडकली होती तिथेच राहिली होती, एकही पाकळी पुढे सरकली नव्हती. झिनिया कापल्यानंतर उमलत नाही. जशी कापाल तशीच राहते, आणि तशीच जाते. गुलाबाचा नियम तिला लागू नाही.

त्या पिवळ्या चांदण्या म्हणजे मधली खरी बारीक फुलं. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो तीही एकेक फूलच असतात, पण ते राहू दे. चांदण्यांची एक ओळ आली असेल आणि दांडा ताठ असेल तर उत्तम वेळ. गोंडाभर चांदण्या झाल्या, पराग झडू लागले, पाठीमागच्या पाकळ्यांचा रंग फिका पडला, तर उशीर झाला. ते फूल मधमाश्यांना ठेवा.

आता पाणी, कारण तुम्ही सोडणार नाही. ज्यांना माळी मंडळी पाणी लवकर घाण करणारी फुलं म्हणतात त्यांत झिनिया येते. बाहेरून लव असलेला दांडा, पाण्यात बुडालेलं एखादं पान, आणि दिवसभरात जिवाणू वाढून दांड्याची नळी बुजवतात. नुसती साखर म्हणजे त्या जिवाणूंचं जेवण. भांडं आधी साबणाने घासायचं, अगदी पाणी प्यायच्या तांब्यासारखं. पाण्याच्या पातळीखाली एकही पान नको. पाणी रोज बदलायचं, एक दिवसाआड टोक अर्धा इंच नव्याने कापायचं. रोज बदलणं जमणार नसेल तर लिटरला चार-पाच थेंब साधं घरगुती ब्लीच, बस. ज्यांच्याकडे बोअरचं मचूळ पाणी आहे, आणि कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात ते पुष्कळांकडे आहे, त्यांनी पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरावं. फ्रिजमध्ये ठेवू नका. चार अंशांच्या खाली झिनियाच्या पाकळ्या काळवंडतात. आणि शेजारी ठेवलेल्या केळ्यांवर खापर फोडू नका, पिकत्या फळांच्या वायूचं झिनियाला फारसं काही वाटत नाही.

दोष कुठला, हे ओळखायची खूण सोपी आहे. फुलालगतच वाकलं तर तुम्ही लवकर कापलं. सबंध दांडा मलूल झाला आणि टोक बुळबुळीत असेल तर पाणी. दुसऱ्या प्रकारात टोक दोन इंच कापून, फुलं वर्तमानपत्रात सरळ गुंडाळून गळ्यापर्यंत पाण्यात दोन तास ठेवली तर बरीच उठतात. पहिल्या प्रकाराला इलाज नाही.

"पण आमच्या झिनियाचे दांडेच चार बोटांचे असतात." हेही नेहमीचं. रोपवाटिकेतून फुलासकट कुंडीत मिळणारी झिनिया फूट-दीड फुटाची बुटकी जात असते. ती वाफ्याच्या कडेला शोभते, फुलदाणीसाठी नाही. बेनरीज जायंट, ओक्लाहोमा, क्वीन लाइम अशी उंच जात बियाण्यातूनच करावी लागते. बी अर्धा सेंटिमीटर खोल, ओल राखून. आपल्याकडच्या उबेत चार ते सहा दिवसांत वर येतं. मुळं दुखावलेली तिला आवडत नाहीत, म्हणून जागेवरच टोकावं, नाहीतर कोकोपीटच्या ट्रेमधून तीन आठवड्यांच्या आत हलवावं. दोन रोपांत वीतभरापेक्षा थोडं जास्त, 25 ते 30 सेंटिमीटर अंतर.

रोप वीतभर झालं, पानांच्या चार जोड्या आल्या, की तिसऱ्या-चौथ्या जोडीच्या वर शेंडा खुडायचा. इथे सगळ्यांचे हात अडखळतात. फुलणं आठ-दहा दिवस लांबतं हे खरं. पण न खुडलेलं रोप मधोमध एक फूल देतं आणि बाजूला आखूड फांद्या. खुडलेलं बुडापासून चार-सहा लांब दांडे देतं. नंतर प्रत्येक फूल कापतानाही खोल जायचं, खालच्या पानांच्या जोडीच्या अगदी वर, मधल्या दोन कोवळ्या कळ्या गेल्या तरी. वरवर कापाल तर पुढचे दांडे प्रत्येक खेपेला आखूड होत जातील, आणि महिन्याने तुम्हीच विचाराल की दांडे चार बोटांचे का.

सांगलीची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि झिनियाला पाय ओले चालत नाहीत. वीतभर उंचीचा गादीवाफा, त्यात कुजलेलं शेणखत किंवा साखर कारखान्याची चांगली कुजलेली मळी. युरिया नको. ऊसपट्ट्यातला आपला हात पीक पिवळं दिसलं की युरियाकडे जातो. इथे युरिया दिला की पानं हिरवीगार, दांडे जाड पण मऊ, आणि मऊ दांडा म्हणजे पुन्हा वाकणारी मान. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती नत्राची नव्हे, लोहाची कमतरता आहे, चुनखडीच्या जमिनीत हमखास दिसणारी. लिटरला अर्धा ग्रॅम चिलेटेड आयर्न संध्याकाळी फवारलं की आठवड्यात नवी पानं हिरवी येतात.

भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग, येतेच. तासगाव-मिरजेकडची मंडळी म्हणतात, शेजारच्या द्राक्षबागेतून आली. तसं नाही. द्राक्षावरची भुरी वेगळ्या बुरशीची, झिनियावरची वेगळ्या. एकीची दुसरीला लागण होत नाही. हवा मात्र दोघींना एकच मानवते: कोरडे दिवस, थंड दमट रात्री, दाट पाला. म्हणून ती दोन्हीकडे एकदमच दिसते. पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम, पहिले पांढरे ठिपके दिसताच, आणि बत्तीस अंशांवरच्या उन्हात अजिबात नाही, पानं करपतात. पावसाळ्यात त्रास करपा आणि जिवाणूजन्य ठिपक्यांचा. त्याला पाणी बुडाशी द्यायचं, पानांवर नाही. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दर तीन आठवड्यांनी थोडं बी टाकत राहणं. जुनं झाड भुरीने गेलं तर जाऊ द्यावं, तोवर नवं फुलावर येतं.

वास नाही तर एवढा खटाटोप कशाला, असंही विचारता. वास नाही, मान्य. पण काळ्या मातीवर ऑक्टोबरच्या उन्हात असा नारिंगी, असा गडद गुलाबी दुसरं कोण देतं? आणि आठ दिवस? मूळची मेक्सिकोची ही, नाव मात्र योहान गॉटफ्रीड झिन या जर्मन वैद्याचं. त्याने 1755 मध्ये माणसाच्या डोळ्याच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. डोळ्यातलं भिंग तोलून धरणाऱ्या तंतूंनाही त्याचंच नाव आहे. मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना हे नाव फुलाआधी ठाऊक असणार. मला ते जुळणं फार आवडतं, डोळ्याला सुख देणाऱ्या फुलाला डोळा पाहणाऱ्याचं नाव.

एका गोष्टीवरून मात्र मी स्वतःशीच अजून भांडते आहे. फुलं सकाळी कापावीत असं मी सगळ्यांना सांगते, कारण रात्रभरात दांडा पाण्याने भरलेला असतो. पण दिवसभर ऊन खाल्लेल्या झाडात संध्याकाळी साखर जास्त साठलेली असते, आणि ती साखर फुलाच्या आतली असते, जिवाणूंच्या हाती न लागणारी. श्रावणातल्या ढगाळ संध्याकाळी कापलेली फुलं सकाळच्यांपेक्षा कमी टिकलेली मी पाहिलेली नाहीत. एप्रिलमध्ये संध्याकाळी कापाल तर घरात येईपर्यंत पाकळ्या लोळतात. गौरीच्या त्या घागरीचा दोष मी कितीतरी दिवस संध्याकाळवर ढकलत होते, कारण लवकर कापली हे कबूल करायचं नव्हतं. तेव्हा उन्हाळ्यात सकाळ, सातच्या आत, बादली सोबत घेऊन. बाकी दिवसांत मी दोन्ही वेळा कापते.

खोल कापताना ज्या दोन कोवळ्या कळ्या दांड्याबरोबर येतात त्या काढून टाका, पाण्यात ठेवलेल्या उमलत नाहीत. हे सगळं माहीत असून मी त्या दर वेळी पेल्यात ठेवते. आजवर एकही उमललेली नाही.