सूर्य कुठल्या बाजूला?

रविवारी दुपारी तांबडा-पांढरा पोटात गेल्यावर शहाण्या माणसानं आडवं व्हावं. मी सूर्य लावत बसलो होतो.

फ्रीस्पेस २ हा १९९९ सालचा, अंतराळातल्या जहाजांच्या लढायांचा कॉम्प्युटरवरचा खेळ. २००२ मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, सगळ्यांना खुला झाला आणि तेव्हापासून जगभरचे माझ्यासारखे रिकामटेकडे त्याला मरू देत नाहीत. त्यात मोहिमा रचायला फ्रेड असतो. नाव एखाद्या पाव्हण्याचं वाटतं, पण ते फ्रीस्पेस एडिटरचं लघुरूप. खरं तर जहाजं मांडायची, कुणी कुणावर कधी तुटून पडायचं ते ठरवायचं, हे मुख्य काम. माझा जीव मात्र पार्श्वभूमीच्या खिडकीत अडकतो. तिथं यादीतून सूर्य निवडायचा, मग पिच (वर-खाली), बँक (जागच्या जागी गोल फिरवणं), हेडिंग (डावी-उजवी) असे तीन कोन अंशांत भरायचे, आकार ठरवायचा. हा सूर्य नुसता शोभेचा नाही. जिकडं लावाल तिकडून जहाजांवर उजेड पडतो, तोही त्या-त्या सूर्याच्या रंगाचा. ग्रहाचं तसं नाही. ते आभाळाला डकवलेलं चित्र. त्याच्या दिशेनं तासभर जहाज हाणा, तो तसूभर जवळ येत नाही.

चित्रात ग्रहाची डावी कड उजळलेली होती. माझा सूर्य उजवीकडं. खेळणारा जीव वाचवायच्या गडबडीत असतो, त्याला काय फरक पडतो? पण मला ते दिसलं आणि मग दुसरं काही दिसेना.

हा रोग मला काकांनी लावला. काका पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. कोल्हापुरात पेंटर म्हणजे नुसता धंदा नव्हे, आडनावासारखा मान. बाबूराव पेंटरांचं घ्या, नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात गेले. तर मी पाचवीत असताना आईनं मला फोटो काढायला नेलं. स्टुडिओत मागं दल सरोवराचा पडदा. शिकारा, कमळं, डाव्या कोपऱ्यात हा एवढा चंद्र आणि पाण्यावर त्याचा पांढरा पट्टा. फोटोग्राफरनं माझी हनुवटी धरून मान सरळ केली, "हलू नको बाळ" म्हणाला आणि उजवीकडचा दिवा असा पेटवला की माझा कान लाल झाला. आठवड्यानं फोटो आला. आई खूश. काकांनी तो हातभर लांब धरला.

"चंद्र हिकडं, न् पोराच्या तोंडावर उजेड तिकडनं. कुठल्या गावचा चंद्र म्हणायचा ह्यो?"

झालं. तेव्हापासून मला चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स बघवत नाहीत. मधल्या भाऊंना ऊन डावीकडून, शेजारच्या दादांना उजवीकडून, खाली बशीएवढ्या तोंडाचे पंचवीस कार्यकर्ते, प्रत्येकाला स्वतंत्र सूर्य. मागं उगवतीचा गोळा असतो तो वेगळाच. मी सिग्नलला थांबून सावल्या जुळवत बसतो आणि मागचा हॉर्न मारतो.

खरं तर या गावात उजेडाचा हिशोब सगळ्यांनाच कळायला हवा. अंबाबाईची मूर्ती पश्चिमेकडं तोंड करून आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी पायांशी, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी तोंडावर. एखाद्या वर्षी ढग येतो, धुरकं असतं, वाटेत कुठली तरी इमारत आडवी येते आणि किरणं कमरेशीच विझतात. सगळं देऊळ श्वास धरून उभं असतं आणि मग एक मोठा "च्च" ऐकू येतो. तिथं कुणाला हेडिंगमध्ये दोन अंश वाढवता येत नाहीत.

मला येतात. म्हणून मी सूर्य उचलून डावीकडं नेला. ग्रह जुळला, पण आता शत्रूचं भलंथोरलं जहाज, ज्याच्यासाठी सगळी मांडणी केली होती, ते आमच्या बाजूनं काळंकुट्ट दिसायला लागलं. सूर्य परत उजवीकडं. जहाज झकास, ग्रह खोटारडा. असं पाच वेळा झालं.

बायको चहा घेऊन आली, जरा वेळ उभी राहिली.

"अहो, सूर्य कशाला नाचवताय? ग्रहच उलटा करा की."

ग्रहाच्या बँकमध्ये १८० भरले. उजळ कड गपगुमान उजवीकडं आली. इतकं सोपं असणं मला जरा लागलंच.

"पण ते वरचं वादळ आता खाली गेलं," तीच म्हणाली.

अंतराळात वर-खाली नसतं, असं मी तिला सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं नसतं.