मांड्याचा तेविसावा बार

फोंड्याच्या आमच्या गायनवृंदासाठी मी एका मांड्याची (मांडो हे गोव्याचे कोंकणी नृत्यगीत) तीन आवाजांत रचना केली आणि तिची स्वरलिपी लिलीपाँडमध्ये, म्हणजे लिहिलेल्या आज्ञांवरून स्वरलिपी छापणाऱ्या संगणक-प्रणालीत, लिहायला घेतली. पहिले बावीस बार (तालाचे खंड) एका संध्याकाळी झाले, कारण तिथवर दोनच आवाज आहेत आणि मांड्याच्या रीतीप्रमाणे ते थर्डच्या (सा ते ग एवढ्या) अंतराने जोडीने चालतात. तेविसाव्या बारात खालचा तिसरा आवाज येतो, आणि त्या एका बारापायी माझ्या तीन संध्याकाळी गेल्या.

मी आवाज गायकांच्या सवयीने वरून खाली लिहिले होते: आधी वरचा, मग मधला, मग खालचा. छापून पाहिले तर खालच्या आवाजाची दांडी (स्वराच्या गोल डोक्याला जोडलेली उभी रेघ) वर जाऊन मधल्या स्वराच्या डोक्याला भिडलेली, आणि मधल्याची दांडी खाली उतरून त्याच गर्दीत अडकलेली. मी फोर्स-एचशिफ्ट या आडवे सरकवणाऱ्या सोयीने एकेक स्वर हाताने सरकवू लागलो. एक जागा सुटली की पुढची अडे. मग खालच्यालाही मधल्यासारखे व्हॉइसटू (दांड्या खाली वळवणारी आज्ञा) दिले, तेव्हा आदळणारे जास्तीचे स्वरस्तंभ (एका आवाजाचे एका क्षणाचे स्वर) दुर्लक्षित केल्याचा इशारा आला. त्या रात्री मी फार चिडलो होतो.

चूक क्रमात होती. दोन उलट्या तिरप्या रेषांनी (\\) आवाज वेगळे केले की लिलीपाँड पहिला सर्वांत वरचा, दुसरा सर्वांत खालचा आणि तिसरा आतला धरतो; तिसऱ्याची दांडी वर जाते आणि टक्कर झाली तर तोच बाजूला सरकतो. खालच्याला दुसरे व मधल्याला तिसरे स्थान देताच सगळे सरकवणे काढून टाकता आले आणि बार स्वच्छ उमटला. तो कागद मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

गीताचे शब्द जोडायचे असतील तर मात्र त्या रेषांवर विसंबू नये. प्रत्येक आवाजाला नाव देऊन व्हॉइसवन, व्हॉइसटू, व्हॉइसथ्री स्वतः लिहावे, नाहीतर शब्द आवाजाला चिकटत नाहीत.

दहाव्या बाराचे सांगायचे राहिले. तिथे एकाच स्वरावर वरच्याचा क्वेव्हर (अर्ध्या मात्रेचा स्वर) आणि खालच्याचा मिनिम (दोन मात्रांचा) येतो. दांड्या विरुद्ध दिशांना असल्यामुळे मर्जडिफरंटलीहेडेडऑन लिहिताच दोघांचे डोके एक झाले. क्रॉचेट (एका मात्रेचा स्वर) आणि मिनिम मात्र या आज्ञेने एक होत नाहीत, कारण एकाच डोक्यावरून कोणाची लांबी किती हे वाचणाऱ्याला कळणार नाही. ती शेजारी-शेजारीच राहू द्यावीत.