तुमचा उजवा की माझा?

समोरच्याच्या गालाला शाई लागलेली दिसली की आपण स्वतःच्याच गालावर बोट ठेवतो. "इथे, इथे." तो भलताच गाल पुसतो. "उजवा हो!" तो दुसरा पुसतो. "अहो, तुमचा उजवा!" शेवटी दोन्ही गाल लाल आणि शाई जागच्या जागी. गंमत म्हणजे दोघंही एकमेकांच्या जागी जायला निघालेले असतात, म्हणूनच वाटेत चुकामूक होते.

मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी टेबलावर तीन डोंगर मांडले, पलीकडे बाहुली बसवली आणि मुलांना विचारलं, बाहुलीला काय दिसतंय? चार-पाच वर्षांची मुलं स्वतःला दिसणारंच चित्र उचलायची. पुढे १९७५ मध्ये मार्टिन ह्यूज यांनी डोंगरांच्या जागी भिंती उभ्या केल्या आणि बाहुलीला पोलिसांपासून लपवायला सांगितलं. त्याच वयाच्या मुलांना ते सहज जमलं. लपाछपी कुणालाही कळते. डोंगरांचं कुणाला पडलंय?

मोठ्यांचं काय? १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला लावला. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं हो, ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसती टकटक!

परवा मी बाबांना फोनवरून व्हिडिओ कॉल शिकवत होते. "वर कोपऱ्यात तीन टिंबं आहेत ना, ती दाबा." "कुठली टिंबं?" "अहो, तीन!" माझा आवाज चढला, तशी त्यांची उत्तरं आखडली. आपण टकटक करतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही. उलट मी डोळे मिटून मोठ्या समजूतदारपणे त्यांच्या वयाचा, चष्म्याचा, थरथरणाऱ्या बोटांचा विचार करू लागले.

तल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांचे निष्कर्ष छापले. समोरच्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याच्या मनातलं जास्त अचूक ओळखता येत नाही. त्यालाच विचारलं तर येतं. इतकं साधं.

शेवटी थकून मीही तेच केलं. "बाबा, तुम्हाला आत्ता स्क्रीनवर दिसतंय तरी काय?"

"मीच दिसतोय," ते म्हणाले. "दाढी वाढलीय."