काट्याचा पीसी सांगतो, माझा पत्ता १२७.०.१.१

गाळप हंगामात साखर कारखान्याचा वजनकाटा अडकला की काय होतं ते गाडीतळ बघितलेल्याला सांगायला नको. तोडलेला ऊस ट्रॉलीत उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, आणि घटलेलं वजन शेतकऱ्याच्याच बिलातून जातं. म्हणून सकाळी फोन आला की "साहेब, दोन नंबरचा काटा सर्व्हरला दिसतच नाय", तेव्हा रिमोटवर बघू वगैरे न म्हणता मी सरळ गाडी काढली.

पोचलो तर ट्रॅक्टरची लाईन गेटाबाहेर गेलेली, काट्यावरचे काका हाताने पावत्या फाडतायत, आणि आधीच्या लोकांनी केबल बदलून झालेली, स्विचचं पोर्ट बदलून झालेलं, तरी काही फरक नाही. काका म्हणाले, "साहेब, वजन तर स्क्रीनवर बरोबर येतंय बघा, पण पावती नंबरच मिळंना." मी पिंग मारून, म्हणजे एक मशीन दुसरीला हाक देऊन उत्तर येतं का ते बघितलं, सर्व्हरवरून काटा दिसतो, काट्यावरून सर्व्हर दिसतो. म्हणजे नेटवर्क धडधाकट.

इथली सिस्टीम अशी की प्रत्येक काट्यावर जावात लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम चालतो, तो सुरू झाला की स्वतःचं होस्टनेम (मशीनचं नाव) आणि आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) शोधून सर्व्हरला कळवतो की मी अमुक काटा, माझा पत्ता हा, आणि मग सर्व्हर त्या पत्त्यावर उलटा कनेक्ट होऊन वजन उचलतो आणि पावती नंबर देतो. विंडोजवर हे कित्येक हंगाम विनातक्रार चाललं. यंदा जुना पीसी गेला, नव्यावर उबुंटू लिनक्स टाकलं, बाकी काहीच बदललं नाही.

सर्व्हरचा लॉग उघडला आणि तिथेच उत्तर होतं. काट्याचं नाव, पुढे पत्ता १२७.०.१.१, आणि त्याच्यापुढे कनेक्शन रिफ्यूज्ड (जोडणी नाकारली), कनेक्शन रिफ्यूज्ड, पानभर तेच. १२७ ने सुरू होणारा अख्खा ब्लॉक लूपबॅक असतो, म्हणजे ज्या मशीनवर वापराल तीच मशीन. सर्व्हर बिचारा काट्याला हाक मारायची म्हणून सकाळपासून स्वतःचंच दार वाजवत होता!

आता हा पत्ता आला कुठून? प्रोग्रॅममध्ये गेटलोकलहोस्ट ही एकच ओळ होती. ती ओळ नेटवर्क कार्डाला काही विचारतच नाही, ती आधी मशीनचं नाव घेते आणि मग त्या नावाचा पत्ता सिस्टीमला विचारते. डेबियन आणि उबुंटूचा इन्स्टॉलर होस्ट्स फाईलमध्ये, म्हणजे नावं आणि पत्ते यांच्या मशीनवरच्याच यादीत, मशीनच्या नावापुढे १२७.०.१.१ लिहून ठेवतो, कायमचा आयपी नसलेल्या मशीनलाही स्वतःचं नाव सापडावं म्हणून. त्यामुळे उत्तर नियमाप्रमाणे बरोबरच होतं, पण आपल्याला पाहिजे ते नव्हतं. पायथॉनमध्ये गेटहोस्टनेम करून त्याचं गेटहोस्टबायनेम केलं तरी तिथे हेच मिळतं.

लाईन थांबली होती म्हणून आधी राऊटरवर त्या पीसीचा आयपी रिझर्व्ह केला, होस्ट्स फाईलमध्ये नावापुढे तो खरा पत्ता टाकला, प्रोग्रॅम रीस्टार्ट, आणि पहिली पावती छापून आली तेव्हा काकांनी ती फाडून लगेच ड्रायव्हरच्या हातात दिली.

दुपारी मग नीट उपाय करायला बसलो. माझ्याबरोबरचा पोरगा म्हणाला, सगळे इंटरफेस (नेटवर्कची कार्डं) मोजू आणि लूपबॅक नसलेला पहिला उचलू. यादी छापून बघितली तर केबलचं कार्ड, वायफाय, आणि नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यासाठी टाकलेल्या डॉकरच्या (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारं सॉफ्टवेअर) आभासी कार्डाचा १७२.१७.०.१, तिघंही खरेच दिसतात आणि त्यांच्या क्रमाची काही गॅरंटी नाही. एका कॉम्प्युटरला एकच पत्ता असतो ही समजूतच मुळात खोटी आहे. विचारायचं असतं ते हे की त्या सर्व्हरकडे जायचं तर मी कुठल्या पत्त्यावरून जाईन?

त्याला फार सुंदर युक्ती आहे. यूडीपी (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवायची पद्धत) सॉकेट, म्हणजे प्रोग्रॅमचं नेटवर्ककडचं टोक, उघडायचं, सर्व्हरच्या पत्त्याला कनेक्ट करायचं आणि सॉकेटला त्याचा लोकल पत्ता विचारायचा. यूडीपीत कनेक्ट केलं तरी एकही पॅकेट बाहेर जात नाही, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) फक्त राउटिंग टेबल, म्हणजे वाटांची यादी, बघून ठरवतो की इथून कुठल्या पत्त्याने जायचं. बरेच जण इथे ८.८.८.८ हा गूगलचा इंटरनेटवरचा पत्ता टाकतात, पण काट्याच्या लॅनवर इंटरनेट नसतं आणि डीफॉल्ट रूट (बाहेर जायची ठरलेली वाट) नसेल तर सरळ नेटवर्क अनरीचेबल येतं, म्हणून आपल्या सर्व्हरचाच पत्ता द्यावा.

तरी आम्ही त्याच्याही पुढे गेलो. काटा सर्व्हरला कळवायला येतो तेव्हा त्याच्या कनेक्शनवरच त्याचा पत्ता सर्व्हरला दिसतो, तोच घ्यायचा. काट्याने सांगितलेला पत्ता फक्त लॉगसाठी, आणि दोन्ही जुळले नाहीत तर लॉगमध्ये वॉर्निंग. होस्टनेमवरची भिस्तही काढली, कारण तीन नंबरचा पीसी दोन नंबरच्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब नक्कल) निघाला, दोघांचं नाव एकच! काटा नंबर आता कॉन्फिग फाईलमध्ये हाताने लिहितो.

राहिलं तालुक्यातलं गट ऑफिस. ते राऊटरच्या मागे आहे, तिथून आलेल्या कनेक्शनवर राऊटरचा पत्ता दिसतो आणि उलटा कॉल आतल्या पीसीपर्यंत पोचतच नाही. तिथे पीसीनेच कनेक्शन जोडायचं आणि ते दिवसभर उघडं ठेवायचं असं केलंय, सर्व्हर त्याच वाटेने परत बोलतो.