रांगेतला दगड

"किती जुनी परंपरा आहे तुमची!" आज दुपारी अल्बेनियाची राजधानी तिराना इथल्या एका छोट्या खानावळीत ताव्ह कोसी या पदार्थाचा पहिला घास घेताच मी असे म्हणाले. खानावळीतल्या आजींना त्यांच्या नातवाने ते समजावून सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "माझी मुले लहान होती तेव्हा आम्ही दुधाच्या रांगेत रात्रीच दगड ठेवून यायचो. तो दगड म्हणजे आमचा नंबर."

तो दगड अजून माझ्या मनातून जात नाही.

कोकराचे मांस, दही आणि अंडी भट्टीत एकत्र भाजून केलेला ताव्ह कोसी मूळचा एल्बासान या अल्बेनियातल्या शहराचा मानला जातो. पण कम्युनिस्ट हुकूमशहा एनव्हर होजाच्या राजवटीत शेती सामुदायिक झाली, मांसाचे रेशनिंग आले आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांच्या घरच्या शेळ्यामेंढ्याही काढून घेतल्या गेल्या, तेव्हा मेंढपाळांच्या या देशात दूधच दुर्मीळ झाले. त्याआधी, १९६७ मध्ये, धर्मावरच बंदी आल्यामुळे सणाचे पदार्थही दार लावून करावे लागले होते. बुरेक (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि बकलावा ही मिठाई उस्मानी तुर्कांच्या काळाची आठवण सांगतात, हे मी वाचून आले होते. मधल्या रिकाम्या ताटांचा विचार मात्र मी केला नव्हता.

ही कृती आजींनी सासूबाईंच्या तोंडून ऐकली होती आणि मनासारखी करून पाहिली ती थेट कम्युनिस्ट राजवट संपल्यावर, १९९१ नंतर.

तुमच्या घरी असा एखादा पदार्थ आहे का, जो एका पिढीने केवळ ऐकून जपला?